बाल्कनीखालची खुर्ची

"बसा साहेब," गफूर मिस्त्री म्हणाला आणि खांद्यावरच्या पंच्याने त्याने खुर्ची पुसली.

घडीची लोखंडी खुर्ची. तिचा मागचा डावा पाय आखूड होता, त्याखाली त्याने विटेचा तुकडा सारला. माझ्या डोक्यावर बारा फुटांवर नव्या नाट्यगृहाची बाल्कनी होती. साठ फूट लांब, भिंतीतून दहा फूट पुढे आलेली आणि पुढच्या कडेला एकही खांब नसलेली. तूर्त ती उभी होती बावन्न लाकडी बल्ल्यांच्या टेकूंवर. तेरा-तेराच्या चार ओळी. त्या बल्ल्या आज निघायच्या होत्या आणि त्या निघत असताना मी खाली बसायचं होतं.

"चहा आण गं हौसाबाई," मिस्त्री ओरडला. "साहेबांचा चहा."

ही आमच्या तारळेकर साहेबांच्या कामावरची रीत होती. ज्याने सळया तपासून स्लॅबच्या कागदावर सही केली, त्याने बल्ल्या काढताना त्या स्लॅबखाली खुर्ची टाकून बसायचं आणि चहा प्यायचा. शेवटची बल्ली पडेपर्यंत उठायचं नाही. साहेब स्वतः चाळीस वर्षं असे बसत आले होते. एकदा म्हणे पुलाखाली ते चहा पिता पिता झोपून गेले. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मीच लोकांना सांगायचो.

तशी मला सवयच आहे. या दुपारची गोष्टही मी गेल्या पन्नास वर्षांत कितीतरी जणांना सांगितली आणि दर वेळी निराळी. एकात बाल्कनी फूटभर खाली आली आणि मी ती डोक्यावर तोलली. एकात मी खुर्चीसकट वर उडालो. मंडळी हसतात, मलाही बरं वाटतं. पण त्या दुपारी हसण्यासारखं काही नव्हतं. हौसाबाईने हातात दिलेली कपबशी अशी वाजत होती की मी कप उचलून बशी मांडीवर ठेवून दिली.

कारण सळया वर आहेत की खाली, हे मला माहीत नव्हतं.

एवढं समजावून सांगतो. भिंतीतून बाहेर आलेल्या स्लॅबचा सगळा जीव वरच्या अंगाच्या सळयांत असतो. हात लांब करून त्यावर बादली अडकवा, ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो, तसंच. सळया वर राहिल्या तर बाल्कनी शंभर वर्षं हलत नाही. त्याच सळया तीन-चार इंच खाली दबल्या तर त्या नसल्यातच जमा. काँक्रीट ओतताना माणसं वरच्या जाळीवरून घमेली घेऊन चालतात, जाळी दबते. म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळईचे तुकडे उभे करतात. आम्ही त्यांना घोड्या म्हणायचो. इंजिनियरने दिवसभर तिथे उभं राहून एवढंच बघायचं, की घोड्या जागेवर आहेत आणि जाळी वर आहे.

अठ्ठावीस दिवसांपूर्वी मी तिथे उभा होतो. अकरापर्यंत. अकरा वाजता पोस्टमनने खालून हाक मारली, "मगदूमसाहेब, तुमचं रजिस्टर आलंय, मास्तरांनी पोस्टात बोलावलंय सहीला!"

त्या पत्राची मी तीन महिने वाट बघत होतो. मुंबईच्या एका संस्थेत फायनान्सचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. त्याची परीक्षा मी आजीच्या तेराव्याला जातो असं सांगून दिली होती. आजी तेव्हा ठणठणीत होती, पुढे एकोणीस वर्षं जगली. मुलाखतीला मात्र मी तारळेकर साहेबांना काही न सांगताच गेलो.

मी गावातला पहिला इंजिनियर. निकाल लागला त्या आठवड्यात वडिलांनी दारावर पाटी रंगवून घेतली होती, 'भूपाल आण्णाप्पा मगदूम, बी. ई. सिव्हिल'. माझ्याकडे तेव्हा नोकरीही नव्हती, पण पाटी होती. मग मला फायनान्सचं खूळ का लागलं? या नाट्यगृहानेच लावलं. मी कामावर आलो तेव्हा त्याचे खांब आठ वर्षं अर्धवट उभे होते, वरून गंजलेल्या सळया आकाशात गेलेल्या. नकाशात चूक नव्हती की सिमेंटात खोट नव्हती. पैसा कुठून, कधी आणि कोणत्या अटीवर येणार, एवढंच कोणी नीट बांधलं नव्हतं. मी साहेबांना विचारलं होतं, "हे गणित कोण करतं?" साहेब म्हणाले होते, "आपण नाही." पण मला ते गणित करावंसं वाटायला लागलं. बल्ल्यांपेक्षा तेच जास्त आवडायला लागलं. हे खरं आहे, यात मीठमसाला नाही.

पोस्टात सही केली, पत्र फोडलं. जागा मिळाली होती. होकार तारेने कळवायची मुदत महिनाभराची. मी ते तिथल्या बाकावर चार वेळा वाचलं, बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, पुन्हा वाचलं. कामावर परत आलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. बाल्कनीचा मधला भाग ओतून झाला होता. काँक्रीट गुळगुळीत, वर लाकडी फळी फिरवलेली. आणि कडेला, वाळूच्या ढिगापाशी, पाच घोड्या पडल्या होत्या.

पाच. मधल्या भागातल्या. तिथल्या घोड्या मीच सकाळी मोजल्या होत्या, एकही जास्तीची नव्हती.

गफूर मिस्त्री पलीकडच्या टोकाला ओरडत होता. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "तुम्ही कुठं होता?" आणि जाळी खरंच दबली असेल तर तासाभरात सगळं काँक्रीट काढून टाकावं लागलं असतं. साहेबांना कळलं असतं, पत्राचं कळलं असतं, मुलाखतीचं कळलं असतं. मी विचार केला, संध्याकाळी विचारू. संध्याकाळी कागद पुढे आला आणि मी सही केली. त्या पाचांतली एक घोडी मी पिशवीत टाकून खोलीवर नेली. का नेली ते मला अजून सांगता येत नाही.

मग अठ्ठावीस दिवस. जेवताना बाल्कनी, अंघोळीला बाल्कनी. या अठ्ठावीस दिवसांत माझं वजन अकरा किलो घटलं असं मी सांगत असतो. चारच घटलं, पण पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. आणि ते पत्र रोज वेगळं दिसायला लागलं. आधी त्यात नवं शिक्षण होतं. आता त्यात दार होतं, मागचं. मुंबईला निघून गेलो तर खाली बसायला नको. कागदावरची चूक कोणाच्या डोक्यावर पडत नाही. मला फायनान्स हवंय म्हणून जायचंय की खुर्चीत बसायला नको म्हणून, हे माझं मलाच सांगता येईना.

होकार कळवायचा शेवटचा दिवस आणि बल्ल्या काढायचा दिवस एकच निघाला. मी बेत असा केला, की सकाळी दहाला तार करायची आणि अकराच्या गाडीने सटकायचं. पिशवी भरून पोस्टात गेलो. पोस्टमास्तर हुपरीकर चष्मा कपाळावर ठेवून बसले होते.

"लाइन बंद आहे. दुपारी या. पाचला बंद करतो मी."

"मला अकराची गाडी आहे हो मास्तर."

"अकराला?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आज तर तुमची बाल्कनी सोडायची ना? अख्खं गाव म्हणतंय, मगदूमसाहेब खाली बसणार."

मी बाहेर आलो तर पायरीशी गफूर मिस्त्री सायकल घेऊन उभा. "चला साहेब. मोठे साहेब लवकर आलेत. पिशवी कशाला? द्या हँडलला अडकवतो." आणि कॅरियरवर बसून, पाय अवघडून धरून, मी माझ्या फाशीला निघालो. वाटेत मिस्त्री शीळ घालत होता.

तर असा मी खुर्चीत होतो. दुपारचे तीन वाजले होते.

तारळेकर साहेब बाल्कनीच्या बाहेर, पुढच्या मोकळ्या जागेत उभे होते. साठीचे, सडपातळ, डोक्यावर जुनी टोपी. पोटात व्रण म्हणून हल्ली चहाऐवजी दूध पिणारे. त्यांनी हात वर केला. "पुढची ओळ. मधून सुरू करा. पाचर सैल करा आधी, एकदम ठोकू नका."

टक्. टक्. टक्. माझ्यापासून चार हातांवर पहिल्या बल्लीची पाचर सुटली. बल्ली हलली, कलली, दोघांनी ती अलगद धरून आडवी केली. वर काहीच झालं नाही. दुसरी. तिसरी. प्रत्येक ठोक्याला माझी मान आपोआप खांद्यात जात होती. चहाचा कप तोंडापर्यंत नेण्याची माझी छाती नव्हती. सांडला असता तर सगळ्यांना दिसलं असतं.

पुढची ओळ संपली. तेरा बल्ल्या आडव्या. आता कड मोकळी होती. आणि तेव्हा वरून आवाज आला. कट्.

बारीक आवाज. वाळलेली काडी मोडल्यासारखा. माझ्या चहात काहीतरी पडलं. पाहिलं तर सिमेंटचा पापुद्रा, नखाएवढा, तरंगत होता.

"फळी सुटली," मिस्त्री म्हणाला. "काय नाय. दुसरी ओळ घ्या!"

स्लॅबच्या पोटाला लावलेली साच्याची फळी असेल. लाकूड वाळतं, सुटतं, आवाज करतं. मला हे पुस्तकातून पाठ होतं. पण माझे कान आता वरच होते. मी मनात आकडे मांडत होतो. मधल्या भागाचं वजन इतके टन, माझं वजन पन्नास किलो. आणखी चार ओळी शिल्लक असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं. पळावंसं वाटलं. खरं सांगायचं तर मी तिथे धैर्याने बसलो नव्हतो. उठता येत नव्हतं म्हणून बसलो होतो.

आणि मग हौसाबाई आत आली.

ती कामावरची जुनी बाई. डोक्यावर चुंबळ, पदर खोचलेला. पडलेल्या बल्ल्या बाहेर ओढायचं काम तिचं. ती बरोबर मधल्या भागाखाली वाकली, एक बल्ली ओढायला लागली, आणि ओवीसारखं काहीतरी गुणगुणत होती. तिच्या पाठीवर, बारा फुटांवर, त्या पाच घोड्यांची जागा होती. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चा गार झाला की वो. प्या."

"थांबा!" मी ओरडलो.

आवाज इतका चिरका निघाला की मलाच परका वाटला. हातोडे थांबले.

"हौसाबाई, बाहेर जा. सगळे बाहेर जा. साहेब, थांबवा. सळया... मधल्या भागात सळया खाली असतील."

माणसं हळूहळू बाहेर सरकली. साहेब मात्र आत आले आणि माझ्या खुर्चीसमोर उभे राहिले.

"असतील म्हणजे?"

मी सांगितलं. पत्र, पोस्ट, उसाचा रस, पाच घोड्या, सही. सगळं सांगितलं. पिशवीतून ती घोडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"किती दिवस माहीत आहे तुला?"

"अठ्ठावीस."

साहेबांनी ती घोडी हातात फिरवून पाहिली. बाहेरून हौसाबाईचा आवाज आला, "अठ्ठावीस दिस मुका हुतास, आन आज मी खाली आले तवा बोललास व्हय रे बाबा? ल्येकरं हायती मला चार!" मी मान वर केली नाही. आजवर मला जे जे कोणी बोललं, त्यातलं हे एक वाक्य मी कधीच बदलून सांगितलेलं नाही.

मग गफूर मिस्त्री पुढे आला. त्याने साहेबांच्या हातातली घोडी घेतली, उजेडात धरली आणि तिचा वाकडा पाय मला दाखवला.

"ही व्हय? ही तर मीच काढली. बारीक सळईची होती, माणसांच्या पायाखाली वाकायला लागली. पाच काढल्या, पाच जाड सळईच्या घातल्या. फाउंडेशनच्या उरलेल्या तुकड्यातनं वाकवून घेतल्या मी, तिथंच."

"मला का नाही सांगितलंस?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्री खरोखर चकित झाला. "सांगायचं काय त्यात? संध्याकाळी ह्या साहेबांनी सही केली की. मला वाटलं बघितलं असंल. बघितल्याबिगर कोण सही करतंय?"

त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मिस्त्री माझ्या सहीवर विसंबला होता, साहेब माझ्या सहीवर विसंबले होते आणि मी पोस्टातल्या बाकावर बसलो होतो.

साहेबांनी घोडी मिस्त्रीकडून घेऊन माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "गफूरवर माझा विश्वास आहे. पण सही तुझी आहे मगदूम. काय करायचं ते तू सांग."

"मी वर जाऊन फोडून बघतो," मी म्हणालो. "त्याआधी कडेच्या मधल्या बल्ल्या परत लावायला सांगा."

साहेबांनी मिस्त्रीकडे मान हलवली. चार बल्ल्या परत उभ्या राहिल्या, पाचरी ठोकल्या गेल्या. मी छिन्नी-हातोडा घेऊन शिडी चढलो. खाली बसणं परवडलं असं वर गेल्यावर वाटलं. खाली निदान काय पडणार ते वर दिसत होतं. इथे ते माझ्याच पायाखाली होतं. मी रांगत मधल्या भागात गेलो. कोणी हसलं नाही.

वरच्या सळया नकाशाप्रमाणे इंचभर खोल असायला हव्या होत्या. मी पहिल्या घोडीची जागा मापून घेतली आणि छिन्नी लावली. अर्धा इंच. नुसतं काँक्रीट. पाऊण इंच. घाम छिन्नीवर टपकत होता. इंच झाला, काही लागेना. मी हात थांबवला. पुढचा घाव घालायचं धाडस होईना, कारण तोवर सळई असू शकत होती. घाव घातल्यावर ती नसूही शकत होती.

"मगदूम," खालून साहेबांचा आवाज आला, "थांबून सळई वर येत नाही."

मी घाव घातला. टण्.

सव्वा इंचावर सळई होती. मी बोटाने चाचपली. गार, पीळदार, जागेवर.

"आहे!" मी ओरडलो.

"एक जागा झाली," साहेब म्हणाले. मग घड्याळ बघून त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं, "चार वाजून दहा झालेत. तुझं तार ऑफिस पाचला बंद होतं ना? राहिलेल्या चार गफूर फोडेल. तू जा हवं तर. खुर्चीत मी बसतो."

आज होकाराचा शेवटचा दिवस आहे हे मी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना माहीत होतं. हुपरीकर मास्तरांच्या पोस्टात एखादं पत्र येऊन गावाला कळलं नाही असं कधी झालंच नव्हतं.

मी बाल्कनीवर उकिडवा बसून होतो. दार उघडं होतं, आणि ते उघडून धरणारा माणूस माझा साहेबच होता. पिशवी खाली खुर्चीशेजारी, पोस्ट दहा मिनिटांवर. गेलो असतो तर मला कोणी भित्रा म्हटलं नसतं. तोंडावर तरी.

"पाचही मीच बघतो," मी म्हणालो.

दुसरी सव्वा इंचावर लागली. तिसरी इंचावर. चौथी दीड इंचावर. साहेबांनी वर येऊन स्वतः मापली आणि "चालेल" म्हणाले. पाचवी पटकन लागली. मी खाली उतरलो, भोकांत ताजा मसाला भरायला मिस्त्रीने माणूस वर पाठवला आणि मी पुन्हा खुर्चीत बसलो. विटेचा तुकडा निसटला होता, खुर्ची डुगडुगत होती.

तुम्हाला वाटेल, सळया पाहिल्या, आता भीती कसली? मलाही तसंच वाटलं होतं. पण हातोड्याचा पहिला ठोका पडला आणि मी आधीपेक्षा जास्त घाबरलो. मघाशी निदान दोष दुसऱ्या कशाला तरी देता आला असता. आता सगळं मी स्वतः पाहिलेलं होतं. आता पडली असती तर पूर्ण माझीच पडली असती.

परत लावलेल्या चार निघाल्या, मग दुसरी ओळ गेली. तिसरी. वरून पुन्हा एकदा कट् झालं आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हौसाबाई आत आली होती, बल्ली ओढत. माझ्या समोर येऊन थांबली.

"आता येऊ का न्हाई?"

"या," मी म्हणालो.

तिने वर बघितलं, मग माझ्याकडे. "तू बसलायस न्हवं?" म्हणाली, आणि बल्ली ओढत बाहेर नेली.

शेवटची बल्ली पडली तेव्हा सव्वापाच झाले होते. बाल्कनी कडेला दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली आली. तेवढी यायलाच हवी होती. फूटभर वगैरे काही नाही. मिस्त्रीने नारळ फोडला. माझ्या कपात चहा तसाच होता, वर सिमेंटचा पापुद्रा.

"हा राहिलाच की," मिस्त्री म्हणाला. "दुसरा सांगू?"

मी नको म्हणालो आणि पिशवी उचलली. साहेब फाटकापर्यंत बरोबर आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"फायनान्स म्हणजे नक्की काय करणार तू?" त्यांनी विचारलं.

"अशी अडलेली कामं पुरी व्हायला पैसा कसा उभा करायचा, कोणाला द्यायचा, कोणाला नाही, ते."

"म्हणजे सह्या करणार."

"हो."

"मग तिथे गेल्यावर आधी एक विचार. खाली कोण बसतं तिथे?"

ते वळून गेले.

पोस्टाचं दार हुपरीकर मास्तर नुकतंच ओढून घेत होते. कुलूप हातात.

"मास्तर, थांबा. एक तार आहे."

"पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली." त्यांनी माझ्या कपड्यांवरची सिमेंटची धूळ पाहिली, बोटांवरचं रक्त पाहिलं. "सोडली का बाल्कनी?"

"सोडली."

"राहिली?"

"राहिली."

"मग आता मुंबई कशाला? सकाळी पळायचं होतं ते समजलं मला. आता कशाला पळायचं?"

"आता पळायचं नाही," मी म्हणालो. "आता जायचंय."

मास्तरांनी कुलूप खिशात टाकलं, दार ढकललं, स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बोटाने मागे लोटला. "पाचला दहा कमी," ते म्हणाले. "लिहा लवकर."

पुढे मी एकतीस वर्षं कर्जं मंजूर केली, नाकारली, अडवली. साखर कारखाने, पूल, गिरण्या, एक विमानतळ. विमानतळाचं खोटं आहे, बाकी खरं. प्रत्येक बैठकीत कागद माझ्यापुढे आला की मी तोच प्रश्न विचारायचो आणि कार्यालयात माझं नाव 'खुर्चीवाला मगदूम' पडलं होतं. एका कारखान्याच्या अध्यक्षांना मी विचारलं, "हे फसलं तर खाली कोण असेल?" ते म्हणाले, "खाली म्हणजे?" मी सही केली नाही. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ती वाकडी घोडी असायची. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, लढाईतल्या रणगाड्याचा तुकडा आहे.

गेल्या वर्षी त्या गावी जाणं झालं. नाट्यगृहात प्रयोग होता. तिकीट-खिडकीवरच्या पोराने पुढची चांगली जागा देऊ केली, मी बाल्कनीखालची मागितली. मध्यंतरात कागदी कपातून चहा घेऊन जागेवर येऊन बसलो आणि मान मागे टाकली. वर रंगाचे पोपडे आले होते. त्यावर दोनशे माणसं पाय आपटत वडे खात होती.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, सारखं वर काय बघताय? पंखा बंद आहे का?"

"नाही. बाल्कनी बघतोय."

त्यांनीही वर पाहिलं. जरा दचकल्या. "का हो? पडेल असं वाटतंय?"

"वाटतं की," मी म्हणालो आणि चहाचा घोट घेतला. "रोज वाटतं. पण तुम्ही घाबरू नका. मी बसलोय ना."